लोखंडी कड्यांची कानटोपी

घरात बाळ यावयाचे असले की आजीबाई लोकर आणि सुया घेऊन बसतात. बाळ अद्याप जन्मास आलेले नसते, तेव्हा टोपड्याचे माप अंदाजानेच धरावे लागते. पुढे बाळ घरी आले, टोपडे त्याच्या डोक्यावर चढविले, की खरे काम सुरू होते. कपाळावर ते सैल पडते, कानाशी आवळते, हनुवटीखालचे बंद भलत्याच ठिकाणी येतात. मग चार टाके उसवावयाचे, दोन वाढवावयाचे, बंद काढून पुन्हा लावावयाचे. ज्या डोक्यासाठी वस्तू विणली त्या डोक्यावर ती बसेपर्यंत विणकाम पुरे झाले असे कोणतीही विणणारी म्हणत नाही.

वाचकहो, आता या टोपड्यातील लोकर काढून तिच्या जागी लोखंडाच्या बारीक कड्या आहेत अशी कल्पना करा. आकार तोच, डोके, कान आणि मान झाकून खांद्यांवर उतरणारा, केवळ चेहरा उघडा ठेवणारा. मध्ययुगीन युरोपातील योद्धे अशी कड्यांची टोपी वापरीत. इंग्रजीत तिला कॉइफ म्हणतात. लढाईतून ती नाहीशी होऊन काही शतके लोटली. परंतु आज युरोप-अमेरिकेत ती हौसेने विणणारी, विकत आणून आपल्या मापास बसविणारी आणि ऐतिहासिक जत्रांतून मिरविणारी मंडळी पुष्कळ आहेत. या छंदाचा परिचय आपणांस करून द्यावा हा या लेखाचा हेतू आहे. आजीबाईंच्या सुया आणि या मंडळींच्या पकडी यांत किती साम्य आहे, हेही त्या ओघात दिसून येईल.

चित्रांतून व मातीतून

कड्यांचे चिलखत युरोपात फार प्राचीन आहे. रोमन सैनिकही ते वापरीत. डोक्यावरील कड्यांच्या आवरणाचे एक प्रसिद्ध दर्शन घडते ते फ्रान्समधील बायू येथील लांबलचक भरतकामात. 1066 मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने हेस्टिंग्जच्या लढाईत इंग्लंडचे राज्य जिंकले. ती कथा या पटावर लोकरीच्या धाग्यांनी भरलेली आहे. त्यातील घोडेस्वारांच्या अंगावर कड्यांचे झगे आहेत आणि अनेकांच्या डोक्यावर, टोकदार शिरस्त्राणाखाली, कड्यांचे आच्छादन दिसते. त्या काळी ही टोपी बहुधा झग्यालाच जोडलेली असे. पुढे तेराव्या शतकात ती स्वतंत्रही होऊ लागली.

तिचे बारकावे पाहावयाचे असतील तर 1240 च्या सुमारास फ्रान्समध्ये रंगविलेला एक सचित्र ग्रंथ पाहावा. याची बहुतेक पाने आज न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहेत. विषय बायबलमधील जुन्या कथांचा. पण चित्रकाराने त्यांतील योद्ध्यांस आपल्या काळची फ्रेंच शस्त्रास्त्रे दिली. त्यामुळे दमलेला सैनिक टोपी मागे सारून मानेवर टाकतो, तिच्याखाली दुलईसारखी शिवलेली पांढरी टोपी असते, हे सारे आपणांस डोळ्यांनी पाहता येते. या ग्रंथाचा प्रवासही मनोरंजक आहे. एका पोलिश कार्डिनलने तो इराणच्या शाह अब्बासकडे भेट म्हणून पाठविला आणि 1608 मध्ये तो त्याच्या हाती पडला. म्हणूनच त्या युरोपीय चित्रांच्या कडेला फारशी टिपा लिहिलेल्या आढळतात.

चित्रात दिसते ते कधी कधी मातीतून प्रत्यक्षही हाती येते. इंग्लंडमधील यॉर्क नगरात कॉपरगेट या भागी 1982 च्या मे महिन्यात यंत्राने खोदकाम चालू असता आठव्या शतकातील एक शिरस्त्राण सापडले. त्याच्या मागील बाजूस मानेच्या रक्षणासाठी कड्यांचा पडदा लावलेला होता. शिरस्त्राणावरील पितळी पट्टीवर लॅटिन भाषेत एक प्रार्थना कोरली असून तीत ऑशेरे हे नाव आहे. बाराशे वर्षांपूर्वीची ती वस्तू कोणा एका माणसाची होती, हे ते नाव आजही सांगते. हीच गोष्ट आपण या लेखात पुन्हा पुन्हा पाहणार आहोत.

कडीत कडी

या विणीचे तत्त्व सोपे आहे. प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत गुंतलेली असते. दोन वरच्या ओळीतील आणि दोन खालच्या. युरोपातील बहुतेक कड्यांचे चिलखत याच विणीचे. जुने कारागीर लोखंडाची तार ओढून ती सळईवर गुंडाळीत, त्या वेटोळ्याच्या कड्या कापीत, प्रत्येक कडीची टोके एकमेकांवर आणून चपटी ठोकीत, त्यांना भोक पाडीत आणि इवलेसे रिव्हेट बसवून कडी कायमची बंद करीत. कित्येकदा एक ओळ अशा कड्यांची, तर दुसरी सांधाच नसलेल्या अखंड कड्यांची असे. जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे वृद्ध कारागिरांसाठी मेंडेल घराण्याने 1388 मध्ये एक आश्रम स्थापिला. तेथे राहिलेल्या कारागिरांची चित्रे एका वहीत काढून ठेवलेली आहेत. त्यांत बाकावर बसून कड्या जोडणारा चिलखतकारही आहे. राजांची चिलखते संग्रहालयांत मानाने मांडली जातात. ती विणणाऱ्या हातांचे असे चित्र मात्र विरळाच.

हौशी माणसाला एवढे कष्ट झेपत नाहीत. तो सळईवर तार गुंडाळतो, कड्या कापतो आणि दोन पकडींच्या साहाय्याने त्यांची टोके केवळ एकमेकांस भिडवितो. तार साधारण दीड मिलिमीटर जाडीची आणि कडीचा आतील व्यास आठ मिलिमीटर, हे नवशिक्यास सोयीचे प्रमाण आहे. कडी याहून फार मोठी घेतली तर जाळी लुळी पडते. फार लहान घेतली तर कड्यांत कड्या शिरत नाहीत. अॅल्युमिनियमची तार हलकी व हातास मऊ, म्हणून शिकण्यास बरी. पोलादाची तार जड. परंतु खऱ्या टोपीचा भार आणि पडण्याची ढब तिच्यातच येते. अशा पोलादी टोपीत काही हजार कड्या असतात. रोज संध्याकाळी तासभर बसणाऱ्याचे ते आठवड्यांचे काम आहे.

या छंदास संघटित रूप येण्यास अमेरिकेतील एका मेजवानीचे निमित्त झाले. 1966 च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातील बर्कली येथे काही तरुण मित्रांनी घराच्या अंगणात मध्ययुगीन वेश करून लुटुपुटीचे द्वंद्वयुद्ध खेळले. त्यातूनच सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अॅनाक्रॉनिझम ही संस्था उभी राहिली. आज तिच्या शाखा अनेक देशांत आहेत आणि तेथे जुने विणकाम, पाककला, लेखन यांबरोबर चिलखते करण्याची कलाही शिकविली जाते.

आपल्या वाचकांस अभिमान वाटावा अशी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. सर्वांनाच हजारो कड्या विणण्याची सवड नसते. अनेक जण तयार टोपी विकत घेतात. परदेशी बाजारात विकल्या जाणाऱ्या अशा तयार टोप्यांपैकी पुष्कळशा भारतात तयार होतात. डेहराडून आणि उत्तर भारतातील इतर काही ठिकाणचे कारागीर रिव्हेट लावलेल्या कड्यांचे काम करून ते जगभर पाठवितात. अर्थात हा माल अनोळखी डोक्यांसाठी एकाच मोठ्या मापात केलेला असतो. टोपी येते, पण ती डोक्यावर बसत नाही. येथूनच मापाचा खरा प्रश्न उभा राहतो.

मापे घेताना

टोपीचे माप उघड्या डोक्यावरून घेणे ही पहिली चूक होय. कड्यांखाली जाड टोपी असलीच पाहिजे. मॉर्गन ग्रंथातील चित्रांप्रमाणे ही टोपी सुती वा तागाच्या कापडाचे थर एकत्र घेऊन, आपल्याकडे गोधडी शिवतात त्या रीतीने धावदोऱ्याने शिवतात आणि हनुवटीखाली बंदाने बांधतात. ती डोक्यावर बांधूनच मापपट्टी हाती घ्यावी. कपाळावरून डोक्याचा घेर, माथ्यावरून एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतचे अंतर, भुवयांवरून गालांच्या कडेने हनुवटीखाली जाणारा चेहऱ्याचा घेर, आणि मानेचा घेर, अशी चार मापे पुरतात.

त्यानंतर तळहाताएवढी जाळी विणून नमुना करावा आणि ती सैल ठेवून दहा सेंटिमीटरमध्ये किती कड्या बसतात ते मोजावे. समजा, बारा बसल्या आणि डोक्याचा घेर साठ सेंटिमीटर भरला, तर फेरीत बहात्तर कड्या हव्यात. स्वेटर विणणाऱ्या भगिनींना हा हिशेब नवा नाही.

या जाळीचा एक स्वभाव ध्यानात ठेवला पाहिजे. ती ओळींच्या दिशेने ताणली जाते आणि ओळींना काटकोनात ओढली असता मिटते. म्हणून ओळी डोक्याभोवती आडव्या ठेवतात. म्हणजे जाळी आपल्याच भाराने मिटून डोक्याला बिलगते, आणि मान वळविताना मात्र आडवी ताणली जाते. ओळी उभ्या ठेवल्या तर जाळी पसरते, कड्यांमधील फटी उघडतात आणि टोपी पिशवीसारखी लोंबू लागते.

माथ्याची विण मध्यभागातील एका कडीपासून वर्तुळाकार सुरू करतात. घेर वाढवावयाचा तर ठराविक अंतराने एक जादा कडी घालतात. ही कडी वरच्या ओळीतील दोहोंऐवजी एकाच कडीत अडकविलेली असते. घेर कमी करावयाचा तर नवी कडी वरच्या दोहोंऐवजी तीन कड्यांत घेतात. टाका वाढविणे आणि टाका कमी करणे, यापलीकडे यात काही गूढ नाही. डोक्याचा घेर पुरा झाला की वाढ थांबवून सरळ खाली उतरावयाचे. चेहऱ्याच्या जागी ओळी सोडून द्यावयाच्या आणि हनुवटीखाली दोन्ही बाजू पुन्हा जोडावयाच्या.

तयार टोपी बसती करणे

विकत घेतलेल्या टोपीत बहुधा तीन दोष आढळतात.

पहिला दोष म्हणजे ती पुढे घसरून डोळ्यांवर येते. यावर जुना उपाय आहे. कपाळाच्या उंचीवर कड्यांमधून चामड्याची बारीक वादी ओवून ती मागे बांधावी. टोपीचा भार माथ्यावर आणि कपाळाभोवती वाटला जातो आणि टोपी जागची हलत नाही. तेराव्या शतकातील काही समाधिमूर्तींच्या दगडी टोप्यांवरही अशी पट्टी कोरलेली आढळते. ज्यांना त्या काळचा पोशाख दगडात पाहावयाचा असेल त्यांनी सॉल्झबरीच्या चर्चमधील विल्यम लाँगस्पे याची मूर्ती पाहावी. तो 1226 मध्ये वारला. त्याच्या मूर्तीवर डोक्यापासून पायांपर्यंत कड्यांचे चिलखत कोरलेले आहे.

दुसरा दोष मानेशी सैलपणा. येथे मागील बाजूस पाचरीच्या आकाराच्या कड्या काढून दोन्ही कडा पुन्हा जोडाव्यात. शिंपी ब्लाउज अंगासरशी करताना टक घेतो तसाच हा प्रकार. तथापि मान फार आवळू नये. टोपी डोक्यावरून घालावयाची आहे, आणि डोके मानेहून मोठे असते, हे उत्साहाच्या भरात पुष्कळ जण विसरतात. अगदी अंगासरशी टोपी हवी असेल तर मागे उभी फट ठेवून ती वादीने बांधण्याची सोय करावी.

तिसरा दोष खांद्यांवर. मान वळविली की टोपीची झालर खांद्यांवर अडते आणि चेहऱ्याची चौकट एका बाजूस ओढली जाते. झालरीत पुढे-मागे त्रिकोणी कळ्या घातल्या की ती खांद्यांवर मोकळी पसरते. कित्येक टोप्यांना हनुवटी व तोंड झाकणारा एक पदर असे. एरवी तो खाली लोंबत राही. लढाईच्या वेळी वर घेऊन कानशिलाशी बांधीत. हा पदर नंतरही जोडता येतो.

सारे झाले की आरशासमोर उभे राहून परीक्षा घ्यावी. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली पाहावे. तोंड उघडून चार शब्द मोठ्याने बोलावेत. दोन्ही हात वर न्यावेत. यांपैकी कोणत्याही हालचालीत चेहऱ्याची चौकट डोळ्यांपुढे आली तर पुन्हा पक्कड हाती घ्यावी. पोलादी टोपीचे वजन बहुधा दोन-तीन किलो असते. म्हणून पहिल्या दिवशी ती थोडा वेळच घालावी, म्हणजे मानेस सवय होते.

सावधगिरीच्या दोन-तीन गोष्टी. तार कापताना तुकडे उडतात, तेव्हा डोळ्यांवर चष्मा हवा. जस्ताचा मुलामा दिलेली तार तापवू नये. तिचा धूर विषारी असतो. गंज चढल्यास जुन्या लोकांची युक्ती अशी की टोपी वाळूसह पिंपात घालून ते लोळवीत. आजही झाकणाच्या डब्यात कोरडी वाळू घालून तो हलविला तरी काम होते. नंतर तेलाचा हलका हात द्यावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे टोके नुसती भिडविलेल्या कड्यांची टोपी ही शोभेची वस्तू आहे. जोराच्या घावाने तिच्या कड्या उघडतात. तिच्या भरवशावर कोणी खेळातही डोक्यावर घाव घेऊ नये.

विस्बीची साक्ष

खरी टोपी तरी किती रक्षण करी? याचे उत्तर बाल्टिक समुद्रातील गॉटलंड बेटावर मिळते. 1361 च्या जुलै महिन्यात डेन्मार्कचा राजा चौथा वाल्डेमार या बेटावर उतरला. त्याच्या कसलेल्या सैन्यापुढे बेटावरील शेतकरी उभे राहिले आणि विस्बी नगराच्या तटाबाहेर त्यांची कत्तल झाली. दिवस उन्हाळ्याचे होते. मृतांना मोठमोठ्या खड्ड्यांत घाईने पुरण्यात आले आणि कित्येकांच्या अंगावरील चिलखते तशीच राहिली. 1905 पासून 1930 पर्यंत निरनिराळ्या वेळी तेथे उत्खनन झाले आणि अकराशेहून अधिक माणसांचे अवशेष सापडले. त्यांत पोरसवदा मुले होती, म्हातारे होते, पूर्वीच अधू झालेली माणसेही होती. काही कवट्यांवर कड्यांच्या टोप्या अजून तशाच होत्या. गंजून हाडाला चिकटलेल्या.

या टोप्यांनी पुराणवस्तुशास्त्रज्ञांना जे सांगितले ते कोणत्याही ग्रंथात नव्हते. कड्यांची जाळी तलवारीची धार अडविते. पण घावाचा मार आत पोहोचतोच, आणि बाणाचे टोक कडी फोडून शिरू शकते. म्हणून तर जाळीखाली जाड अस्तर आणि वर पोलादी शिरस्त्राण, अशी तिहेरी व्यवस्था हवी. पुढे चौदाव्या शतकात शिरस्त्राणच मोठे झाले आणि कड्यांचा पडदा त्याच्या कडेला लावू लागले. स्वतंत्र टोपी हळूहळू मागे पडली. विस्बीच्या शेतकऱ्यांची शस्त्रास्त्रे त्या काळाच्या मानानेही जुनी होती. जे घरात होते ते घालून ते घराच्या रक्षणासाठी बाहेर पडले.

स्टॉकहोमच्या इतिहास संग्रहालयात या कवट्या टोप्यांसह ठेवलेल्या आहेत. जत्रेत मिरविण्यासाठी टोपी बसती करणारा हौशी माणूस त्यांच्यासमोर उभा राहिला म्हणजे त्याच्या लक्षात येते की आपण ज्या मापासाठी संध्याकाळ खर्ची घालतो, त्या मापावर एके काळी कोणाचा तरी जीव अवलंबून होता.

आपल्या घरी

मराठी वाचकांना हा विषय सर्वस्वी परका वाटू नये. आपल्या ‘जिरेटोप’ या शब्दातील ‘जिरे’ म्हणजे फारसी ‘जिरह’, अर्थात् कड्यांचे चिलखत. 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराज अफझलखानाच्या भेटीस गेले तेव्हा अंगरख्याखाली चिलखत आणि डोक्यावर पागोट्याखाली लोखंडी टोप होता, असे इतिहासकार सांगतात. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आणि हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात शस्त्रास्त्रांचे मोठे संग्रह आहेत. मुलांना तेथे नेण्याची संधी मिळाली तर भारतीय चिलखतांच्या कड्या अगदी जवळून पाहावयास सांगा. एक कडी किती कड्यांत गुंतली आहे हे ती स्वतः मोजू लागली की इतिहासाचा तास आपोआप सुरू होतो.

एक विनंती मात्र कळकळीची आहे. आपल्या देशात काही जुन्या घराण्यांतून अशी चिलखते व टोप आजही पेटीत पडून आहेत. छंदाच्या उत्साहात त्यांना पक्कड लावू नका, घासून चकचकीत करू नका, तुटलेल्या कडीच्या जागी नवी घालू नका. कडी कशी बंद केली आहे, कोठे टाका वाढविला आहे, कोठे पाचर काढली आहे, यावरूनच जाणकाराला ती वस्तू कोणत्या काळची आणि कशा बांध्याच्या माणसाची हे ताडता येते. तो पुरावा एकदा गेला की परत येत नाही. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंस संरक्षण आहे. असे काही घरी असेल तर जवळच्या संग्रहालयाचा सल्ला घ्यावा. पक्कड चालवावयाची ती नव्या तारेवर.

आणि नव्या तारेवर ती अवश्य चालवावी. मुलांना सुटीत तारेचे वेटोळे, दोन पकडी आणि डोळ्यांना चष्मा देऊन पाहा; जवळ एखादे वडील माणूस बसलेले असावे. पहिली तळहाताएवढी जाळी तयार झाली की आजीबाईंना दाखवा. त्या ती हातात घेऊन ताणून बघतील, उलटी करून पाहतील, आणि बहुधा विचारतील, ‘‘हे कोणाच्या मापाचे करतो आहेस?’’ या प्रश्नाचे उत्तर मुलाजवळ तयार असले पाहिजे.